पान उघडेपर्यंत

मंद वेबसाइटची तक्रार तिच्या मालकापर्यंत सहसा पोहोचत नाही. ज्याच्या फोनवर पान उघडले नाही तो माणूस कळवायला थांबत नाही. तो मागे फिरतो, दुसरी साइट पाहतो, नाहीतर सेतू केंद्रात जाऊन पैसे मोजून तेच काम करून घेतो. जून-जुलैत अकोल्याच्या जुन्या शहरातल्या, डाबकी रोडवरच्या, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ उभे राहा. "साइट खुलूनच नाही राहिली", "नुसती चकरी फिरून राहिली" हे ऐकू येईल. अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा हे सगळे याच दिवसांत येते आणि पेरणीही याच दिवसांत असते. एका अर्जासाठी दोनदा तालुक्याला यावे लागले तर त्या माणसाची दोन दिवसांची मजुरी किंवा शेतातली दोन दिवसांची कामे गेली.

ज्या कार्यालयाची ती साइट असते तिथे मात्र ती चटकन उघडते. तिथे फायबरची जोडणी असते, संगणक बरा असतो, आणि तेच पान रोज पाहिले जात असल्याने त्यातली चित्रे, फॉन्ट आणि बाकीच्या फाइली त्या संगणकात आधीच साठलेल्या असतात. साइट बनवणारा पुण्यात किंवा नागपुरात बसून ती बनवतो. त्याच्याही पडद्यावर ती चटकन उघडते. 'आमच्याकडे तर नीट चालते' असे दोघे म्हणतात आणि दोघेही खरे बोलतात. ती साइट ज्याच्यासाठी आहे त्याच्या फोनवर ती कशी उघडते, हे मात्र दोघांपैकी कुणीच पाहिलेले नसते.

ही पुस्तिका त्या तिसऱ्या माणसाच्या बाजूने लिहिली आहे. अकोला, अमरावती, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ या पाचही जिल्ह्यांत आता दुकानांच्या, दवाखान्यांच्या, पतसंस्थांच्या, महाविद्यालयांच्या, देवस्थानांच्या साइट आहेत. त्या बनवणाऱ्यांनी हे वाचावेच, पण मला अधिक अपेक्षा त्या बनवून घेणाऱ्यांकडून आहे. पैसे देणाऱ्याने रंग कोणता, बोधचिन्ह केवढे, अध्यक्षांचा फोटो कुठे हे विचारायचे आणि 'पातूरच्या बसस्टँडवर स्वस्तातल्या फोनवर हे किती सेकंदांत उघडेल' हे विचारायचेच नाही, ही रीत बदलली तर निम्मे काम तिथेच होईल. साइटचा वेग कुणाच्या फोनवर मोजायचा हा या विषयातला पहिला निर्णय आहे. बाकीचे तंत्र त्यामागून येते.

माणसाला किती वाट पाहवते यावर संगणकांच्या सुरुवातीच्या काळापासून विचार झाला आहे. १९६८ मध्ये रॉबर्ट मिलर यांनी संगणकाच्या उत्तराला लागणाऱ्या वेळाबद्दल एक निबंध लिहिला. १९९३ मध्ये याकोब नील्सन यांनी त्याच धर्तीवर तीन मर्यादा मांडल्या आणि त्या आजही वापरल्या जातात. एक दशांश सेकंदाच्या आत उत्तर आले तर गोष्ट आपल्याच हाताने घडली असे वाटते. एक सेकंदापर्यंत थांबणे जाणवते, पण मनातला विचार तुटत नाही. दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. फोन बदलले, जाळी बदलली, पण माणसाच्या या मर्यादा तिथेच आहेत, कारण त्या आपल्या मेंदूच्या आहेत. तेव्हा जे काही करायचे ते यंत्राच्या बाजूनेच करावे लागणार.

मग वेळ जातो कुठे? बहुतेकांना वाटते, नेट मंद आहे. हे उत्तर अर्धवट आहे, आणि उरलेला अर्धा भाग समजावून सांगायला मला अकोल्याच्या कावडीइतके चांगले उदाहरण सापडलेले नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर आणून जुन्या शहरात राजराजेश्वराला घातले जाते. अंतर सुमारे १८ किलोमीटर. मोठ्या मंडळांच्या कावडी शंभराहून अधिक भरण्यांच्या, म्हणजे पाण्याच्या घागरींच्या, असतात आणि कुणाची कावड किती भरण्यांची याची गावात चर्चा असते. पण भरण्यांची संख्या कितीही वाढवली तरी गांधीग्राम जवळ येत नाही. एका खेपेत पाणी जास्त येईल, पहिली धार पिंडीवर पडायला लागणारा वेळ तेवढाच राहील. मोबाइल कंपनी जाहिरातीत जो वेग सांगते तो भरण्यांचा आकडा आहे. सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागतो हा अंतराचा आकडा वेगळा आहे, आणि तो जाहिरातीत नसतो. वेबचे पान उघडताना सगळ्यात जास्त त्रास हा दुसरा आकडा देतो, कारण पान एका खेपेत येत नाही.

या खेपा मोजून पाहू. साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता विचारायला एक फेरी. त्या पत्त्यावरच्या सर्व्हरशी जोडणी जुळवायला दुसरी. बोलणे तिसऱ्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून दोघांनी किल्ल्या ठरवायच्या, त्याला जुन्या टीएलएस १.२ पद्धतीत दोन फेऱ्या लागत; २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ मध्ये एक लागते. त्यानंतर कुठे 'मला हे पान दे' ही मागणी जाते. म्हणजे पडद्यावर पहिले अक्षर येण्याआधी चार-पाच फेऱ्या झालेल्या असतात. पान आले की त्यात लिहिलेले असते की रंगरूपाची फाइल अमुक ठिकाणी आहे. ती आणली की तिच्यात लिहिलेले असते की फॉन्ट तमुक ठिकाणी आहे. ते ठिकाण दुसऱ्याच सर्व्हरवर असेल तर पत्ता, जोडणी, किल्ल्या सगळे पुन्हा पहिल्यापासून.

अकोला ते मुंबई रेल्वेने सुमारे ५८० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन सहा सहस्रांश सेकंद. प्रत्यक्षात तारांचा मार्ग सरळ नसतो, वाटेत यंत्रे असतात, म्हणून वेळ काही पटींनी वाढतो. तरी तो सोसण्यासारखा असतो. सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर सरळ अंतरच १२ हजार किलोमीटरच्या वर जाते. नुसत्या प्रकाशालाच जाऊन-येऊन १२० सहस्रांशांहून अधिक वेळ लागतो आणि प्रत्यक्षातली फेरी सहसा २०० च्या पुढे असते. अशा पाच फेऱ्या म्हणजे एक सेकंद संपला, आणि पडदा अजून पांढराच आहे. दुकान अकोल्यात, गिऱ्हाईक अकोल्यात, आणि मध्ये अटलांटिकपलीकडचा सर्व्हर, हे आजही सर्रास दिसते, कारण साइट विकत घेताना स्वस्त योजनेत जागा कुठली मिळते हे कुणी पाहत नाही. हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईतच आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. जागा जवळ आहे, फक्त मागून घ्यायला हवी.

जागा जवळ आणल्याने काय होते याचे मराठीला लागू असलेले उदाहरण विकिपीडियाचे आहे. मराठी विकिपीडिया २००३ च्या १ मे रोजी सुरू झाला. त्याची पाने बरीच वर्षे युरोप-अमेरिकेतल्या केंद्रांतून येत. २०१८ मध्ये विकिमीडियाने सिंगापुरात आपले साठवणकेंद्र सुरू केले, आणि आशियातल्या वाचकांच्या फेऱ्या एकदम आखूड झाल्या. लेखातले एक अक्षर बदलले नव्हते, वाचकाने नवा फोन घेतला नव्हता. पानांच्या प्रती वाचकाच्या जवळ आणून ठेवण्याची हीच सोय आता लहान साइटलाही 'सीडीएन' या नावाने मिळते, आणि तिच्या साध्या योजना फुकट किंवा फुकटासारख्या असतात. दुसऱ्या प्रकरणात ती कशी जोडायची ते आहे.

फेऱ्यांबद्दल आणखी एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. सर्व्हर नव्या जोडणीवर सगळा माल एकदम सोडत नाही. वाट किती रुंद आहे हे त्याला माहीत नसते, म्हणून तो आधी थोडे पाठवतो, पोच आली की दुप्पट, पुन्हा पोच आली की त्याच्या दुप्पट. २०१३ मध्ये नोंदल्या गेलेल्या टीसीपीच्या नियमानुसार पहिली खेप दहा तुकड्यांची, म्हणजे साधारण १४ किलोबाइटची असते. त्यामुळे १०० किलोबाइट यायला तीन खेपा लागतात, वाट कितीही रुंद असली तरी. पानाचा जो भाग वाचकाला आधी दिसायला हवा तो पहिल्या १४ किलोबाइटांत बसवावा, असा सल्ला जाणते लोक देतात तो यामुळे. आवळलेल्या मराठी मजकुराला ही जागा पुष्कळ आहे. नावे, पत्ता, वेळ, भाव, सूचनेचा मथळा आणि पहिला परिच्छेद त्यात सहज बसतो.

हे झाले तारेवरचे. आपल्याकडचा वाचक बहुधा मोबाइलच्या टॉवरवर असतो, आणि तिथे आपल्या गावाच्या गोष्टी मध्ये येतात. असदगडाच्या आसपास, हरिहरपेठेत, जयहिंद चौकामागच्या गल्ल्यांत अजूनही जाड मातीच्या भिंतींची घरे आहेत. भिंत जितकी जाड तितका सिग्नल आत कमी पोचतो, आणि सिग्नल कमी झाला की फोन तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागतो. दिवे गेले की घराघरांतले वायफाय बंद पडते आणि सगळा मोहल्ला एकदम एकाच टॉवरवर येतो. अशा वेळी प्रत्येक हरवलेला तुकडा म्हणजे एक जादा फेरी. जुन्या एचटीटीपी पद्धतींत एक तुकडा हरवला तर मागचे सगळे तुकडे त्याच्यासाठी खोळंबून राहत. २०२२ मध्ये प्रमाण म्हणून आलेल्या एचटीटीपी-३ ने हा खोळंबा बराच कमी केला, आणि अशा खराब हवेतल्या जोडणीलाच त्याचा सर्वाधिक फायदा होतो. साइटचा मालक बहुतेक वेळा एक कळ दाबून हे सुरू करू शकतो.

आता आपल्या भाषेकडे येतो. ही पुस्तिका मराठीत लिहिण्याचे खरे कारण हेच आहे. साइटचा वेग वाढवण्यावर इंग्रजीत ग्रंथांमागून ग्रंथ आहेत. याहूमध्ये काम करणाऱ्या स्टीव्ह साउडर्स यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की वापरणाऱ्याचा ८० ते ९० टक्के वेळ सर्व्हरच्या कामात जात नाही, तो पान पोचल्यानंतर बाकीच्या फाइली आणण्यात आणि मांडण्यात जातो. तिथून हा विषय वेगळे शास्त्र म्हणून उभा राहिला. पण देवनागरीचे म्हणून जे ओझे आहे त्याबद्दल त्या ग्रंथांत काही नाही, आणि ते बाहेरचे कुणी येऊन उतरवणारही नाही.

या ओझ्याला इतिहास आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण सर्वसामान्य संगणकावर ती विंडोज २००० आणि त्यातल्या मंगल फॉन्टपासून दिसू लागली. त्याआधी, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे, मराठी दैनिकांच्या साइटवर डायनॅमिक फॉन्ट वापरले जात. पानात प्रत्यक्ष रोमन चिन्हे असत, आणि त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवणारा फॉन्ट आधी उतरवावा लागे. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने चालणाऱ्या त्या काळात बातमीच्या आधी फॉन्टची वाट पाहावी लागे, आणि तो आला नाही तर पडद्यावर अगम्य चिन्हे उमटत. दैनिके त्यातून बाहेर पडली. कार्यालयांतले टंकलेखन मात्र श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत बराच काळ राहिले, काही ठिकाणी आजही आहे. त्या फॉन्टांतला मजकूर साइटवर चिकटवला की मोडतो. म्हणून कागद छापायचा, त्यावर सही-शिक्का घ्यायचा, तो स्कॅन करायचा आणि पीडीएफ किंवा फोटो म्हणून चढवायचा, अशी वाट पडली. चार ओळींची सूचना काही मेगाबाइटांची होते. जी अक्षरे दोन-तीन किलोबाइटांत बसली असती, त्यांच्यासाठी हजारपट डेटा खर्चून वाचकाच्या हाती येते ते चित्र. त्यात शोधता येत नाही, अंध माणसाचे वाचकयंत्र ते वाचू शकत नाही, आणि लहान पडद्यावर ते बोटांनी ओढून ओढून पाहावे लागते. मराठी वेब जलद करण्यासाठी एकच गोष्ट करायची असे कुणी म्हटले तर मी म्हणेन, सूचना अक्षरांत लिहा. सही-शिक्क्याची प्रत हवी त्याच्यासाठी खाली दुवा द्या.

देवनागरी मुळातच जड असते असे काही जण म्हणतात. यात तथ्य थोडे आहे, आणि त्यावर उपायही आहे. युटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'अकोला' रोमनमध्ये पाच बाइटांचे, देवनागरीत पंधराचे. अडीच हजार शब्दांचा मराठी लेख त्यामुळे ४०-४५ किलोबाइटांच्या घरात जातो. पण या तीन बाइटांतला पहिला कायम तोच असतो आणि दुसरा दोनपैकी एक. अशी पुनरावृत्ती जीझिप किंवा ब्रॉटलीसारख्या आवळणाऱ्या पद्धतींना आयती सापडते, आणि तो लेख चौथाईच्या आसपास येतो. ही सोय सर्व्हरवर चालू आहे का एवढे पाहायचे. तुलनेसाठी, फोनने काढलेला एक फोटो न आवळता टाकला तर तीन-चार मेगाबाइटांचा असतो. म्हणजे न आवळलेले असे सत्तर-ऐंशी लेख. जडपणाचा दोष देवनागरीवर टाकण्याआधी हे गणित करून पाहावे.

फॉन्टचे प्रकरण जरा नाजूक आहे. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे शेकडो आकार असतात, म्हणून तो वॉफ-२ या वेबसाठीच्या फॉन्ट-प्रकारात आवळूनही रोमन फॉन्टच्या कित्येक पट मोठा राहतो, आणि साधा, ठळक, अतिठळक असे प्रत्येक वजन म्हणजे वेगळी फाइल. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला मुक्ता फॉन्ट सुंदर आहे आणि मोफत आहे, पण त्याची सातही वजने साइटवर लावायची गरज कुणालाच नसते. आकार कमी करण्यासाठी काही जण फॉन्टमधली 'न लागणारी' चिन्हे आंधळेपणाने छाटतात. मग 'वऱ्हाड' मधला ऱ्ह तुटतो, 'दऱ्या' चे 'दर्या' होते, क्ष आणि ज्ञ हलन्तासह उलगडून पडतात. छाटणी करायची तर जोडाक्षरे घडवणारे नियम जपणाऱ्या साधनानेच करावी. शिवाय पान मराठीत आहे हे त्याच्या संकेतात लिहिले नाही तर अनेक फॉन्ट ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची दाखवतात. हा संकेत लिहायला वजन काहीच लागत नाही आणि तो निम्म्या मराठी साइटवर चुकीचा असावा असे माझे निरीक्षण आहे. माझे मत विचाराल तर मुख्य मजकुरासाठी फोनमध्ये आधीच असलेला फॉन्ट वापरावा. अँड्रॉइडवर नोटो देवनागरी बहुधा असतोच आणि तो आणायला एकही फेरी लागत नाही. मथळ्यासाठी हवा तर एक वजन बाहेरून आणावे, आणि ते येईपर्यंत मजकूर फोनच्या फॉन्टमध्ये दिसू द्यावा. फॉन्ट बदलताना मात्र काळजी घ्यावी. वेगवेगळ्या देवनागरी फॉन्टांत मात्रा-वेलांट्यांसाठी सोडलेली उंची सारखी नसते, त्यामुळे ओळी सरकतात आणि वाचक ज्या दुव्यावर बोट ठेवायला गेला तो निसटून खाली जातो. पानभराचा हा धक्का अर्ज भरणाऱ्याला फार त्रास देतो.

पान पोचले म्हणजे काम संपले असे नाही. आजच्या साइटबरोबर जावास्क्रिप्टचे ढीग येतात आणि ते फोनच्या प्रोसेसरला वाचून, समजून घेऊन चालवावे लागतात. महागडा फोन ज्याला एक सेकंद घेतो त्याच कामाला स्वस्त फोन चार-पाच सेकंद सहज घेतो. त्यात आमचा उन्हाळा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जाणे आम्हाला नवे नाही, आणि तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग आपोआप कमी करतो. दुपारी दोनला कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात तुरीचा भाव पाहणाऱ्याच्या हातातला फोन प्रयोगशाळेतल्या त्याच मॉडेलपेक्षा मंद असतो. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण विदर्भासाठी साइट बनवणाऱ्याने हे धरूनच चालले पाहिजे. भाव हा एक आकडा आहे. तो दाखवायला फिरत्या चित्रांची पट्टी, गप्पा मारणारी खिडकी, चार कंपन्यांचे पाळत ठेवणारे कोड यांपैकी कशाचीच गरज नाही. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी आग्रहाने मागितलेली असते, म्हणून ती काढायलाही आग्रहच लागतो. पाचवे प्रकरण या आग्रहासाठी लिहिले आहे आणि ते साइट बनवणाऱ्याने आपल्या गिऱ्हाइकाला वाचायला द्यावे.

चित्रे लहान करणे, वेबपी किंवा एव्हीआयएफ हे नवे प्रकार वापरणे, खालची चित्रे वाचक तिथे पोचल्यावरच आणणे, एकदा आलेल्या फाइली फोनमध्ये साठवून ठेवायला सांगणे, हे सगळे सोपे आहे आणि चौथ्या प्रकरणात क्रमाने दिले आहे. इथे त्यावर शब्द घालवत नाही.

एक गल्लत मात्र इथेच दूर केलेली बरी. साइट मंद असणे वेगळे आणि गर्दीने सर्व्हर दबणे वेगळे. पहिल्यात रोजचा, एकटा वाचकही ताटकळतो. दुसऱ्यात एरवी ठीक चालणारी साइट विशिष्ट दिवशी कोसळते. दहावीच्या निकालाचा दिवस घ्या. राज्यभरातले पंधरा लाखांच्या आसपास विद्यार्थी, त्यांत अमरावती विभागीय मंडळाचे आपले पाच जिल्हे, दुपारी एक वाजता एकच गोष्ट पाहायला येतात. म्हणून मंडळ निकालासाठी एकाहून अधिक संकेतस्थळे जाहीर करते आणि निकालाचे पान अगदी साधे असते: बैठक क्रमांक, आईचे नाव, खाली गुण. या साधेपणातच त्याची ताकद आहे. हलके पान एका सर्व्हरला जास्त लोकांना देता येते, त्यामुळे पहिल्या दुखण्यावरचे औषध दुसऱ्यालाही काही प्रमाणात लागू पडते. गर्दीचे स्वतंत्र शास्त्र आहे, ते या पुस्तिकेत घेतलेले नाही.

मोजमापाबद्दल. गूगलने २०२० मध्ये तीन मापे जाहीर केली आणि आता जगभर तीच चालतात. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा. बोट ठेवल्यावर पडद्याने २०० सहस्रांश सेकंदांत दाद द्यावी. हे माप आजच्या रूपात मार्च २०२४ पासून आहे. आणि पानाची मांडणी सरकण्याचे गुणांकन ०.१ च्या आत राहावे. चारपैकी तीन भेटींत हे साधले तर साइट उत्तीर्ण. मला यातली आवडणारी गोष्ट म्हणजे ही मापे सरासरीची नाहीत. सरासरीत फायबरवाला टॉवरवाल्याला झाकून टाकतो. पण ज्या साइटला वाचक थोडे आहेत तिच्याबद्दल गूगलकडे पुरेशी नोंद नसते, आणि आपल्या बहुतेक साइट अशाच आहेत. त्यांच्यासाठी लाइटहाउस आणि वेबपेजटेस्ट ही मोफत साधने आहेत. ब्राउझरमध्येच जाळे आणि प्रोसेसर मुद्दाम मंद करून पाहायची सोय आहे. या सगळ्यापेक्षा खरा फोन, खऱ्या गल्लीत, हे माप मी वरचे मानतो.

'फाइव्ह जी आले, आता हे कशाला' असे विचारणारे भेटतात. भारतात ते १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले. त्याच्याही आधी, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा एकदम स्वस्त झाला, तेव्हाही हेच बोलले गेले. एचटीटीपी अर्काइव्ह हा प्रकल्प २०१० पासून पानांची वजने नोंदतो आहे. सुरुवातीला मध्यम पान अर्ध्या मेगाबाइटच्या आसपास होते. आज ते दोन मेगाबाइटच्या पुढे आहे. वाट रुंद झाली की बनवणारे माल वाढवतात, आणि ज्याच्या गावात वाट रुंद झालेली नाही तो दरवर्षी आणखी मागे पडतो. म्हणून नव्या जाळ्याची वाट पाहणे हे उत्तर असू शकत नाही. ही निवड प्रत्येक साइटच्या मालकाची आहे आणि ती आज करता येते.

पुस्तिकेत कुठलेही विकतचे साधन सुचवलेले नाही. जिथे आकडा दिला आहे तिथे तो कसा काढायचा हेही दिले आहे, म्हणजे तो जुना झाला तरी वाचकाला नवा काढता येईल. संगणकशास्त्राचे शिक्षण नसलेल्या माणसालाही पहिली तीन प्रकरणे समजावीत असा प्रयत्न आहे. पुढची प्रकरणे ज्याचा हात कोडला लागतो त्याच्यासाठी आहेत. कुणालाही ही पुस्तिका छापायची, वर्गात शिकवायची, गावच्या वाचनालयात ठेवायची असेल तर परवानगी मागायची गरज नाही.

पहिले प्रकरण उघडण्याआधी एवढे करा. घरातला सगळ्यात जुना चालू फोन घ्या, वायफाय बंद करा, संध्याकाळी सातच्या सुमारास घराबाहेर गल्लीत या आणि स्वतःची किंवा आपल्या संस्थेची साइट त्यावर उघडा. वाचता येईल असे पहिले वाक्य दिसायला किती सेकंद लागले ते कागदावर लिहा, आणि तो कागद साइटचे बिल ज्याच्या सहीने निघते त्याच्या टेबलावर ठेवा.

जुने शहर, अकोला